कार्टचं भाडं भरून पायी खेळणारे आप्पा : सोलापूरजवळच्या एका गोल्फ मैदानाचं प्रकरण

मार्चच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सव्वासहाला आप्पांनी टेबलावर दोनशे रुपये ठेवले, कार्टच्या भाड्याची पावती घेतली आणि दारात उभ्या असलेल्या कार्टला, म्हणजे मैदानावर फिरायच्या छोट्या गाडीला, वळसा घालून पहिल्या टीकडे, म्हणजे पहिला चेंडू मारायच्या चौथऱ्याकडे, पायी निघाले. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत चेंडू मारायच्या सहा स्टिका. कडुनिंबाखालच्या बाकावर तेव्हा नऊ पोरं बसली होती, सगळी कॅडीचं, म्हणजे खेळाडूची बॅग उचलून सोबत चालायचं काम करणारी. त्यातला एक जण सवयीनं उठला, आप्पांच्या पिशवीकडे हात पुढे केला आणि पुन्हा खाली बसला. नियम बदलून आठवडा झाला होता. आता कार्ट सक्तीची होती आणि कॅडी ऐच्छिक.

पुढच्या रविवारीही आप्पांनी तसंच केलं. त्यानंतरच्या रविवारी ते आलेच नाहीत. त्या दिवशी दुपारी मालकांचा मला फोन आला. "सर, तुम्ही कॉलेजात हेच शिकवता की ओ. एकदा येऊन बघा आणि नियम काय असावा ते लिहून द्या."

मी सोलापुरात वाणिज्य शिकवतो आणि दोन वर्षांपासून गोल्फ शिकतोय. मैदानाचं आणि माणसांची नावं इथं देत नाही, तसं ठरलं आहे. बाकी जे घडलं, जे मोजलं आणि जिथं माझं चुकलं, ते सगळं लिहितो.

मैदान आणि माणसं

अक्कलकोट रस्त्यानं शहराबाहेर पडलं की डाव्या हाताला माळरान लागतं. वर मुरूम, उतारावर पातळ काळी माती, मधूनमधून बाभळी. यंत्रमागाच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या मालकांची इथं ४५ एकर पडीक जमीन होती. तिथं त्यांनी नऊ होल, म्हणजे टीपासून चेंडूच्या खड्ड्यापर्यंतचे नऊ पट्टे, काढले. हिरवळ फक्त टीच्या चौथऱ्यांवर आहे, तीही शेततळ्याच्या पाण्यावर. होलच्या खड्ड्याभोवती ग्रीन, म्हणजे बारीक कापलेल्या गवताची वर्तुळं, नाहीत, ब्राउन आहेत, म्हणजे तेल घालून दाबलेल्या वाळूची गोल वर्तुळं. पाण्याची ओढ असलेल्या भागांत गोल्फ असाच खेळला जात आला आहे. ज्या शहरात नळाला दिवसाआड पाणी येणं हीदेखील चैन वाटते, त्या शहराशेजारी पाणी पिणारं गोल्फचं मैदान उभं करण्याला मी विरोधच केला असता. ब्राउन होते म्हणून मी या कामात पडलो.

ब्राउनवर एक काम सतत करावं लागतं. पुढचा खेळाडू येण्याआधी पावलांचे ठसे मोडायचे आणि वाळूवरून लाकडी फळी ओढून ती सपाट करायची. हे काम कॅडी करत. रफमधल्या, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतातल्या, कुसळांतून चेंडू शोधून काढण्याचं कामही त्यांचंच.

कॅडी होते बारा. बहुतेक जण शेजारच्या वाडीतले, वीस ते तिशीतले. बऱ्याच जणांच्या आया घरी विड्या वळतात. सुरुवातीचा नियम असा होता : प्रत्येक खेळाडूनं कॅडी घ्यायचाच, नऊ होलचे दोनशे रुपये थेट त्याच्या हातात द्यायचे. जमिनीला कुंपण घातलं तेव्हा वाडीची जुनी पाऊलवाट बंद झाली होती आणि पोरांना काम देण्याचा शब्द मालकांनी तेव्हाच दिला होता. आठवड्याला सरासरी ६० फेऱ्या व्हायच्या, एका खेळाडूचे नऊ होल म्हणजे एक फेरी. बाराजणांत वाटल्या तर माणशी पाच फेऱ्या, म्हणजे आठवड्याला हजार रुपये. फार नव्हते, पण सकाळी सहा ते दहा काम करून पोरं पुढे दुसऱ्या कामाला जाऊ शकत होती.

फेब्रुवारीत मालकांनी पुण्याकडून दोन जुन्या विजेवरच्या कार्ट आणल्या. दोघांनी बसायचं, मागं दोन बॅगा बांधायच्या. ४८ व्होल्टच्या, आम्लाच्या बॅटऱ्यांवर चालणाऱ्या. या बॅटऱ्यांना सोलापूरचा उन्हाळा सोसत नाही. त्यांतलं पाणी उडून जातं, ते सतत बघून भरावं लागतं, नाहीतर बॅटरी लवकर बसते. गुंतलेला पैसा वसूल व्हायला हवा म्हणून मार्चपासून कार्ट सक्तीची झाली, माणशी दोनशे. आणि लोकांवर दुहेरी भार नको म्हणून कॅडीची सक्ती उठली. मालकांनी हे दुष्टपणानं केलं नव्हतं. आधी पोरांचा विचार केला, मग खेळाडूंच्या खिशाचा, मग बॅटरीचा. प्रत्येक वेळी एकाच बाजूचा विचार झाला, एवढीच चूक.

तीन तक्रारी

मी आधी आप्पांच्या घरी गेलो. वय ६८. शाळेत व्यायामशिक्षक होते. तरुणपणी गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी घालून सिद्धेश्वरांचा नंदीध्वज पेललेला माणूस. ती उंच काठी कमरेच्या पट्ट्यात घेऊन एकट्यानं तोलायची असते आणि यात्रेच्या आधी कितीतरी दिवस त्याचा सराव चालतो. ज्यानं हे केलंय त्याला सहा स्टिकांच्या पिशवीसाठी गाडीत बसवणं म्हणजे काय, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

"पैशाचं नाही सर," आप्पा म्हणाले. "दोनशे मी दिले की. पण मी चालायला येतो. बॉल मारायला फक्त निमित्त आहे. डॉक्टरांनी साखरेसाठी रोज चार किलोमीटर सांगितलंय. तुम्ही मला चालण्याचा दंड लावताय."

दंड हा शब्द त्यांनी नेमका वापरला. जी सेवा घेतलीच नाही तिचे पैसे द्यावे लागले तर ते भाडं राहत नाही.

दुसरी तक्रार डॉक्टरबाईंची. स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. शस्त्रक्रियागृहात उभं राहून राहून दोन्ही गुडघे गेलेत. कॅडीसक्तीच्या दिवसांत त्या चौथ्या होलपर्यंत जाऊन परत यायच्या. कार्ट आल्यावर पहिल्यांदा नववा होल खेळल्या. "कार्ट काढाल तर मी संपले," त्या म्हणाल्या. "आणि सगळ्यांना सक्ती करा असं मी कधीच म्हटलं नव्हतं. माझ्यासाठी आप्पांना का बसवता गाडीत?"

तिसरी तक्रार कोणी केलीच नव्हती. कडुनिंबाखाली जाऊन मला ती विचारावी लागली. नवा नियम लागू झाल्यावर आठवड्याच्या ६० फेऱ्यांपैकी जेमतेम १८ फेऱ्यांना कॅडी घेतला जात होता. माणशी हिशेब आला आठवड्याला तीनशे रुपये. तरी पोरं रोज सहाला येऊन बसत, कारण जो बसलेला नसेल त्याची पाळी जाते. त्यांच्यातला वयानं मोठा कॅडी म्हणाला, "बॅग उचलायचे पैसे मिळतात ओ सर. बसायचे मिळत नाहीत. पण बसल्याशिवाय बॅग मिळत नाही."

मला वाटतं या प्रकरणाचं मर्म त्याच्या या तीन वाक्यांत होतं. त्या दिवशी ते माझ्या पूर्ण लक्षात आलं नव्हतं.

खेळ काय म्हणतो

मालकांचं एक ठाम मत होतं, की मोठ्या देशांत कार्ट सक्तीचीच असते. ते अर्धं खरं आहे. अमेरिकेत बऱ्याच मैदानांवर कार्टचं भाडं फीमध्येच धरलेलं असतं. त्याची कारणं तिथली आहेत. कितीतरी मैदानं बंगल्यांच्या वसाहतींतून वळणं घेत जातात, एका होलच्या ग्रीनपासून पुढची टी लांब पडते, आणि कार्ट हे उत्पन्नाचं मोठं साधन असतं. पण त्याच अमेरिकेत ओरेगनच्या किनाऱ्यावरचं बॅंडन ड्यून्स १९९९ पासून चालणाऱ्यांसाठी राखलेलं आहे आणि न्यूयॉर्कजवळच्या बेथपेजच्या ब्लॅक मैदानावर सर्वसाधारण खेळाडूला कार्ट मिळत नाही. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सवर लोक चालतच खेळतात. कॅडी हवा तर घ्या, नको तर आपली बॅग आपण उचला. थायलंडमध्ये उलटं आहे. तिथं बहुतेक मैदानांवर कॅडी घ्यावाच लागतो आणि हे काम प्रामुख्यानं बायका करतात. आपल्याकडेही जुन्या क्लबांत कॅडीची प्रथा घट्ट आहे. १८२९ साली स्थापन झालेला कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना क्लब. आपल्याकडच्या गोल्फमध्ये 'आगेवाला' हा शब्दही रूढ आहे, पुढे उभं राहून चेंडू कुठे पडतो ते बघणारा माणूस.

खेळाचे नियम या बाबतीत मोकळे आहेत. खेळाडूजवळ जास्तीत जास्त १४ स्टिका असाव्यात, एका वेळी एकच कॅडी असावा, एवढं नियम सांगतात. कॅडी घेतलाच पाहिजे असं ते कुठंही म्हणत नाहीत. वाहन बंद करायचं की नाही, कॅडी सक्तीचा करायचा की मनाई करायची, हे ठरवण्याचा अधिकार स्थानिक समितीला आहे. म्हणजे मालकांनी केलं ते नियमबाह्य नव्हतं. प्रश्न शहाणपणाचा होता.

चालणं हा गोल्फचा गाभा आहे का, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. केसी मार्टिन या व्यावसायिक खेळाडूच्या उजव्या पायात रक्ताभिसरणाचा जन्मजात दोष होता. चालणं वेदनादायक तर होतंच, हाड मोडण्याचा आणि पाय गमावण्याचा धोकाही होता. तिथल्या व्यावसायिक स्पर्धा भरवणाऱ्या पीजीए टूरचं म्हणणं होतं की चालण्यानं येणारा थकवा हा स्पर्धेचा भाग आहे, एकाला गाडी दिली तर खेळच बदलेल. २९ मे २००१ रोजी न्यायालयानं सात विरुद्ध दोन अशा मतांनी मार्टिनच्या बाजूनं निकाल दिला. बहुमताचं निकालपत्र न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलं. खालच्या न्यायालयानं हिशेब मांडला होता : एका फेरीत साधारण पाच मैल चालणं, तेही पाच तासांत, विश्रांती घेत घेत, खर्च होणारी ऊर्जा सुमारे ५०० कॅलरी. खेळाचा गाभा चेंडू मारण्यात आहे, चालण्यात नाही, असं न्यायालयानं धरलं. पुढे २०२३ च्या नियमांत अपंग खेळाडूंसाठी पंचविसावा नियम स्वतंत्रपणे आला आणि चाकांच्या साधनांना त्यात जागा मिळाली.

मी हा निकाल आप्पांना आणि डॉक्टरबाईंना एकत्र बसवून सांगितला. बाई म्हणाल्या, "म्हणजे माझं बरोबर." आप्पा म्हणाले, "म्हणजे माझंही बरोबर. गाडी हवी त्याला द्या म्हणताहेत, नको त्याच्या गळ्यात बांधा असं कुठं म्हणताहेत?" दोघांचंही खरं होतं. खेळाडूपुरता प्रश्न त्या संध्याकाळी चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर सुटला. कार्टही ऐच्छिक, कॅडीही ऐच्छिक.

आणि मी तसं लिहून देऊन मोकळा झालो असतो. दोन पानी मसुदा तयारही होता.

ऐच्छिक म्हणजे कोणाच्या इच्छेनं?

मसुदा मी मोठ्या कॅडीला वाचून दाखवला. तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे सर, आता कार्टवाल्यांचीही इच्छा आणि चालणाऱ्यांचीही इच्छा. आमची काय?"

कॅडी या शब्दाचं मूळ फ्रेंच 'कादे' या शब्दात सांगतात. अठराव्या शतकात एडिंबराच्या रस्त्यांवर निरोप पोचवणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या माणसांना हेच नाव होतं. म्हणजे मूळचा हमालच. हमाल म्हटलं की सोलापूरचा माणूस मार्केट यार्डात पोचतो. हिवाळ्यात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते तेव्हा पाठीवर पोतं घेऊन धावणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यातली मुख्य कल्पना साधी आहे. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या व्यापाऱ्याकडे काम करणाऱ्याला एकच एक मालक नसतो. म्हणून व्यापाऱ्यानं मजुरी आणि तिच्यावर लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, मंडळाकडे भरायची, आणि मंडळानं मजुरीबरोबर भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपदान हेही सांभाळायचं. मालक बदलत राहिला तरी कामगार वाऱ्यावर पडू नये, हा त्यातला हेतू.

कॅडीची अवस्था नेमकी तीच आहे आणि त्याच्यामागे मंडळ नाही. हाँगकाँगमध्ये एका कॅडीनं रॉयल हाँगकाँग गोल्फ क्लबवर दावा केला होता. कामाचा दर क्लब ठरवायचा, शिस्त क्लबची, गणवेश क्लबचा. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या शेवटच्या अपील न्यायासनापर्यंत गेलं आणि १९९७ साली बहुमताचा निर्णय आला की तो क्लबचा नोकर नव्हता. क्लबवर काम देण्याचं बंधन नव्हतं, त्याच्यावर काम घेण्याचं बंधन नव्हतं, पैसे शेवटी खेळाडूचे होते. कायद्याचा तर्क मला समजतो. पण तो वाचताना मला घरी विड्या वळणाऱ्या आमच्या बायका आठवल्या. त्यांनाही हजार विड्यांमागे मजुरी मिळते. तंबाखू-पान घ्यायला आणि तयार माल द्यायला रांगेत उभं राहण्यात जो वेळ जातो, त्याचा हिशेब कुठल्या हजारात धरायचा? या शहराला वाट पाहण्याच्या बिनपैशाच्या वेळेची फार जुनी ओळख आहे.

तेव्हा कुठं मला माझ्याच मसुद्यातली खोट दिसली. 'ऐच्छिक' या एका शब्दात मी दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या. खेळाडूनं माणूस सोबत घ्यायचा की नाही, ही त्याची इच्छा. पण मैदानाला माणसं हजर असलेली हवी आहेत, कारण रविवारी दहाजणांना एकदम कॅडी लागू शकतो आणि ब्राउन तर रोजच सपाट करावे लागतात. ती हजेरी मैदानाची गरज आहे. गरज मैदानाची आणि जोखीम कॅडीची, हे बरोबर नाही. सक्ती करायचीच असेल तर ती मैदानानं स्वतःवर करून घ्यावी.

काही लोक म्हणतात की कॅडीची सक्ती उठवली तर गरीब पोरांचा या खेळातला शिरकावच बंद होईल. या म्हणण्यात वजन आहे. दिल्लीत कॅडीचं काम केलेल्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. एस. एस. पी. चौरसिया यांचे वडील रॉयल कलकत्तात ग्रीनची निगा राखत. चौरसियांनी २००८ ची इंडियन मास्टर्स जिंकली. १९१३ ची अमेरिकन ओपन जिंकणारा फ्रान्सिस विमेट हाही मुळात कॅडी. पण यातली कुठलीही गोष्ट सक्तीनं घडली नाही. मैदानावर वावर होता, हातात स्टिक धरायला मिळाली, म्हणून घडली. सक्तीनं बॅग मिळते. खेळ मिळण्यासाठी खेळायची मुभा लागते, आणि आमच्या मैदानावर ती कॅडींना नव्हती.

मोजमाप

एप्रिलचे दोन आठवडे मी वही आणि भाजीवाल्याकडून आणलेला ताणकाटा घेऊन मैदानावर होतो. सर्वांत जड बॅग भरली १४ किलोची, आप्पांची पिशवी साडेतीन किलोची. कार्टमुळे खेळ झटपट होतो ही मालकांची खात्री होती. घड्याळ लावून बघितलं तर कॅडी घेतलेल्या चौकडीला नऊ होलला एक तास पन्नास मिनिटं लागत, कॅडीशिवाय कार्टवाल्यांना दोन तास. कारण उघड होतं. एका कार्टमध्ये दोघं, एकाचा चेंडू डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे, मग गाडीची नागमोडी चाल. कुसळांत चेंडू शोधायला कोणी नाही. २०१९ पासून नियमानं शोधायला तीनच मिनिटं मिळतात, पण हौशी खेळाडू चार-चारशे रुपयांचा चेंडू तीन मिनिटांत सोडत नाही. त्यात फळी ओढायची राहून गेली की मागचा गट येऊन ठशांवरून कुरकुर करत थांबतो.

याच आठवड्यांत एके दिवशी साडेनऊच्या सुमारास सातव्या होलवर एकोणीस वर्षांचा एक कॅडी जड बॅग घेऊन चालता चालता खाली बसला. डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टरबाई मागच्याच गटात होत्या. त्यांनी त्याला कार्टमध्ये घालून सावलीत आणलं, मीठ-साखरेचं पाणी दिलं, तासभर सोडलं नाही. ती बॅग ताणकाट्यावर लावली तेव्हा त्यात पावसाळी जाकीट आणि वीसेक चेंडू निघाले. एप्रिलात, सोलापुरात.

माझी शिफारस

कार्ट ऐच्छिक, भाडं दोनशे. ज्याला शरीराच्या कारणानं लागते त्याला मोफत. कॅडी ऐच्छिक. स्वतःची बॅग स्वतः उचलायला किंवा ओढायला पूर्ण मुभा, त्यासाठी मैदानानं हातानं ओढायच्या सहा ट्रॉल्या करून घ्याव्यात. एमआयडीसीतल्या एका वेल्डरनं रुंद चाकं लावून त्या करून दिल्या, काळ्या मातीत अरुंद चाक रुततं म्हणून. कॅडीच्या खांद्यावर नऊ किलोपेक्षा जास्त नाही, त्यावरची बॅग ट्रॉलीवरच. १८ वर्षांखालचा कोणी कामावर नाही. एप्रिल-मेमध्ये शेवटच्या गटानं सकाळी साडेसातला खेळ सुरू करायचा.

आणि मुख्य भाग हजेरीचा. प्रत्येक फेरीमागे खेळाडूकडून साठ रुपये, तेवढेच मालकांकडून. साठ फेऱ्यांचे आठवड्याला ७,२०० रुपये होतात. सोमवारी मैदान बंद. मंगळवार ते शुक्रवार रोज तीन कॅडी, शनिवार-रविवार रोज आठ, अशा २८ हजेऱ्या. एका सकाळच्या हजेरीला २५० रुपये, बॅग मिळो न मिळो, म्हणजे ७,००० रुपये. हजेरीवरच्या माणसानं बॅग नसताना ब्राउन सपाट करायचे आणि पाचव्या-सहाव्या होलला आगेवाला म्हणून उभं राहायचं. ज्यानं कॅडी घेतला त्यानं वर दीडशे त्याच्या हातात द्यायचे. साठपैकी ३४ फेऱ्यांना कॅडी घेतला गेला तर ५,१०० रुपये. एकूण १२,१००. जुन्या सक्तीत पोरांना मिळून १२,००० मिळत होते.

आप्पांनी लगेच बोट ठेवलं. "साठ रुपये मला द्यावेच लागणार. म्हणजे नाव बदलून सक्तीच की सर."

मी त्यांना म्हटलं, "आप्पा, तुमची पिशवी तुम्ही उचलता. पण तुम्ही यायच्या आधी वाळू सपाट कोण करतं?" आप्पा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग पावतीवर कॅडी लिहू नका. मैदान लिहा." तसंच लिहिलं, आणि त्यांच्या दुरुस्तीनं माझा मसुदा सुधारला. पैसे कशाचे, हे पावतीवर खरं लिहिलेलं असलं की देणाऱ्याला दंड वाटत नाही.

मालक हजेरीला सहज तयार झाले नाहीत. कार्टच्या सक्तीचं उत्पन्न जाणार आणि वर निम्मा वाटा द्यायचा, हे त्यांना पचायला दोन आठवडे लागले. शेवटी त्यांना पटवलं ते माझ्या आकड्यांनी नाही, बॅटरीनं. मेमध्ये एका कार्टचा संच बसला आणि नव्या संचाची किंमत ऐकल्यावर त्यांनी स्वतःच विचारलं, की सगळ्यांनी कार्ट वापरावी असा आग्रह आपण धरतोय तरी कशाला?

झालं काय

जूनपासून नियम लागू झाला. पहिल्याच जोराच्या पावसात एक कार्ट सहाव्या होलच्या काळ्या मातीत धुऱ्यापर्यंत रुतली. ती काढायला ट्रॅक्टर आणला तेव्हा फेअरवेवर, म्हणजे टी आणि ब्राउनमधल्या मोकळ्या पट्ट्यावर, पडलेल्या चाकोऱ्या दिवाळीपर्यंत दिसत होत्या. पावसानंतर दोन दिवस कार्ट बंद, हा नियम मी लिहायला हवा होता. तो नंतर आला.

माझी दुसरी चूक जास्त लागली. पावसामुळे खेळच झाला नाही तर हजेरीचं काय, हे मी लिहिलंच नव्हतं. जुलैत तीन वेळा पोरं सहाला आली आणि रिकाम्या हातानं परत गेली. ज्या वाट पाहण्याविरुद्ध एवढं लिहिलं, तीच वाट मी त्यांना पाहायला लावली. आता आदल्या रात्री नऊपर्यंत निरोप गेला नाही तर पूर्ण हजेरी, असं ठरलं आहे.

तिसरी चूक डॉक्टरबाईंनी दाखवली. मोफत कार्टसाठी मी वैद्यकीय दाखला मागितला होता. "दर रविवारी गुडघ्याचा कागद दाखवायचा का मी? ती टेबलावरची पोरं वाचणार?" स्वतः डॉक्टर असलेल्या बाईंनी हे म्हणावं, तेव्हा त्यात काय सोसावं लागतं हे कळलं. दाखला काढून टाकला. वहीत सही केली की पुरे. आतापर्यंत कोणी खोटी सही केलेली नाही.

३४ फेऱ्यांचा माझा अंदाज फसला. जुलै-ऑगस्टमध्ये २२ फेऱ्यांनाच कॅडी घेतला गेला, म्हणजे आठवड्याला सगळे मिळून १०,३०० रुपये. थंडी पडल्यावर आकडा तिशीपर्यंत गेला. बारापैकी नऊजणांनी हजेरीपटावर नाव घातलं. तिघं गेले. त्यांची ठरलेली गिऱ्हाईकं होती, सढळ हातानं बक्षीस देणारी, आणि समान हजेरीत त्यांचं नुकसान होत होतं. ते मी आधी धरायला हवं होतं. त्यातला एक चाकणला कारखान्यात लागला. रिकाम्या जागांवर वाडीतल्या दोन बायका आल्या. त्यातल्या एकीनं मला सांगितलं, "वाकून बसून विड्या वळण्यापेक्षा ही फळी ओढणं बरं. निदान मान वर होते." बायकांना कॅडी म्हणून घ्यायला सुरुवातीला काही सभासद बिचकले. पाचव्या होलवर कुसळांत हरवलेले चेंडू त्या दोघी सर्वांत लवकर शोधतात हे दिसल्यावर आता त्यांचंच नाव आधी घेतलं जातं.

सोमवारी मैदान बंद असतं. त्या दिवशी सकाळी हजेरीपटावरच्या सगळ्यांना खेळायला मोकळीक मिळावी, ही मागणी मोठ्या कॅडीनं केली आणि मालकांनी मान्य केली. स्टिका कोणाच्या, हा प्रश्न होता. आप्पा म्हणाले, माझ्या सहा घ्या.

भविष्यनिर्वाह निधीचं मात्र अजून अडलेलं आहे. मालक म्हणतात हजेरी देतो तेवढं पुरे. मी म्हणतो नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही त्यावर बसतो.

आणि चाकणला गेलेल्या पोराचा गेल्या आठवड्यात फोन आला होता. कंत्राट संपलंय, परत यायचं म्हणतोय. पटावर जागा आहे का विचारत होता. नऊ आणि दोन मिळून अकरा झालेत, बारावी ओळ रिकामी आहे. शनिवारी मालकांना विचारून कळवतो, असं त्याला सांगितलं आहे.